मदत हवी आहे: विहिरीच्या पाण्यातली 'पीफास' रसायनं कुठे तपासून मिळतील?

नमस्कार मंडळी. आमचं शेत पुण्याच्या खाली, मांजरीच्या पुढे मुळा-मुठेच्या काठाला आहे. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे गुडघाभर फेस साचतो, वारा सुटला की त्याचे गोळे उडून पालकाच्या वाफ्यात येऊन पडतात. फेस मुख्यतः साबण-डिटर्जंटचा, हे माहीत आहे. माझी खरी काळजी न दिसणाऱ्या गोष्टींची आहे.

नॉनस्टिक भांडी, पाणी न धरणारं कापड, आग विझवायचा फोम यांत वापरलेली पीफास रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. कार्बन-फ्लोरिनचा बंध फार चिवट. नेहमीच्या मैलाशुद्धीकरणात ती निघत नाहीत, आणि पाणी उकळूनही जात नाहीत. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास रसायनांची मर्यादा लिटरला प्रत्येकी 4 नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) ठरवली, यावरून काय ते समजा.

नदीपासून आमची विहीर हाकेच्या अंतरावर. आई अजून तेच पाणी पिते. जवळच्या प्रयोगशाळेत विचारलं तर टीडीएस (विरघळलेले क्षार), कॉलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू), जड धातू एवढंच करतो म्हणाले.

पुणे-मुंबईकडे ही तपासणी खाजगी माणसाला कोण करून देतं? साधारण खर्च किती? नमुना टेफ्लॉन (नॉनस्टिकचा थर, तोही पीफासच) नसलेल्या एचडीपीई प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा असं वाचलंय, आणखी काय सांभाळावं? आणि तोवर आईसाठी आरओ बसवू की कोळशाचा फिल्टर? कोणी स्वतः तपासून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.