मदत हवी आहे: अमेरिकेत नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) रांगेत अडकलोय, कंपनी बदलू का?

तिखट_शेव
पर्म (कामगार खात्याची मंजुरी) झालं, आय-१४० (कंपनीने माझ्यासाठी केलेला अर्ज) मंजूर, रांगेतली तारीख ऑगस्ट २०१७. दुसऱ्या कंपनीची ऑफर आलीय, सोमवारपर्यंत कळवायचंय. गेलो तर तारीख जाते का? ईबी-३ ला, म्हणजे खालच्या गटाच्या रांगेत, उडी मारण्यात अर्थ आहे का? नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा. आणि "वकिलाला विचार" नको, कंपनीचा वकील कंपनीचंच बोलतो.

रानवारा
१४० मंजूर होऊन किती दिवस झाले? एच-१बीचं (कामाच्या व्हिसाचं) कितवं वर्ष?

अण्णा_एडिसन
तारीख जात नाही. माझी २०१२ ची, तिसरी कंपनी चालू आहे, तारीख तीच. फक्त नव्या कंपनीला पर्म आणि १४० पहिल्यापासून करावं लागतं. ईबी-३ चं म्हणशील तर ऑक्टोबर २०२० मध्ये ती ईबी-२ च्या पुढे गेली तेव्हा आमच्या ऑफिसातले निम्मे तिकडे पळाले. मग तिकडेही तीच गर्दी.

सुपारी
एनआयडब्ल्यू (देशहितासाठी मिळणारी सूट) कर!! कंपनी नको, पर्म नको, अर्ज आपला आपण. माझ्या मेव्हण्याचं मंजूर झालं.

अण्णा_एडिसन
आणि मेव्हणा रांगेतच आहे ना? एनआयडब्ल्यू म्हणजे ईबी-२च. कंपनी सुटते, रांग नाही. नोकरीवाल्यांना वर्षाला साधारण १,४०,००० जागा, त्यात एका देशाला ७ टक्के.

सुपारी
मग ईबी-१ए, असामान्य कर्तृत्ववाल्यांचा गट.

अण्णा_एडिसन
हो, गणपतीत ढोल बरा वाजवतो असं पत्र मी देतो त्याला.

गोदाकाठ
कॅनडात या. आम्ही कंटाळून मिसिसागाला आलो, सुटलो. थंडी आहे, पण शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळतात.

तिखट_शेव
शेंगा राहू द्या हो. १४० मंजूर फेब्रुवारी २०१८. एच-१बीचं दहावं वर्ष, तीन-तीन वर्षं वाढवून घेतोय. मुलगा इथेच जन्मला, त्याने काही फरक?

रानवारा
१८० दिवस केव्हाच उलटले, त्यामुळे जुन्या कंपनीने १४० मागे घेतलं तरी तारीख राहते, एच-१बी वाढते. मुलाच्या जन्मस्थानाचा आईबापाला उपयोग नाही. बायकोचा जन्म कुठला?

तिखट_शेव
तिचा काय संबंध? एच-४ वर आहे, माझ्या व्हिसावर अवलंबून. पुण्याची, पासपोर्ट भारतीय. जन्म मस्कतचा, सासरे तेव्हा तिकडे कामाला होते. दोन वर्षांची असताना परत आले सगळे.

रानवारा
अरे देवा. हे आधी सांगायचं ना!
रांग पासपोर्टवर लागत नाही, जन्माच्या देशावर लागते. आणि नवऱ्याला बायकोचा देश लावता येतो. ओमान धरला की तू बाकीच्या जगाच्या ईबी-२ मध्ये, आणि ती रांग २०१७ च्या कितीतरी पुढे आहे. व्हिसा बुलेटिन (रांगांच्या तारखांचं मासिक पत्रक) उघडून बघ.

अण्णा_एडिसन
ती डिपेंडंट, तिचा देश याला कसा लागेल? मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही.

रानवारा
वहिनींचा जन्म कुठला, अण्णा?

अण्णा_एडिसन
मिरज.

रानवारा
मग कोण कशाला सांगेल! क्रॉस चार्जेबिलिटी म्हणतात याला. शेव, दोघांचे आय-४८५ (ग्रीन कार्डचे शेवटचे अर्ज) एकत्र भरा, आणि आत्ताच्याच कंपनीतून. अर्ज १८० दिवस पडून राहिला की तशाच कामाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येतं, पर्म पुन्हा लागत नाही. सोमवारी हो म्हणालास तर नव्या पर्मची वाट बघत बसशील.

सुपारी
जपून. भारतीय असून ओमान दाखवलं म्हणून केस होईल.

रानवारा
दाखवायचं काय त्यात? जन्मली आहे ती तिथे. कायद्यातच आहे हे.

तिखट_शेव
वकिलाच्या फॉर्मवर मी स्वतः "मस्कत" लिहून दिलं होतं. सात वर्षं झाली. एक शब्द नाही कोणाचा.
दाखला अरबीत आहे. सासूबाई म्हणतात लोखंडी कपाटात आहे, किल्ली मामांकडे आणि मामा चारधामला. भाषांतर नोटरी करावं लागतं का?

रानवारा
नोटरी नको. पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र पुरतं. आणि आता वकिलाला विचारच. स्वतःच्या, कंपनीच्या नाही.

गोदाकाठ
एक शंका. आमच्या हिचा जन्म नैरोबीचा. आम्ही २०१९ मध्ये सगळं सोडून इकडे आलो, तेव्हा हे चाललं असतं का?