मॉनिटर आर्मवर चढवायचे उद्योग: आपापले अनुभव सांगा

खटपट्या:
काल भाचीने आर्म मागवला, म्हणजे टेबलाला आवळून मॉनिटर अधांतरी धरणारा हात. मॉनिटर पालथा घातला तर मागे १०० × १०० मिमीवर चार भोकं तयार. एम४ चे (४ मिमी जाडीचे) स्क्रू आवळले, झालं. मला आनंद व्हायच्या ऐवजी चीडच आली! आमच्या जुन्या २२ इंचीची पाठ म्हणजे नुसतं गुळगुळीत प्लास्टिक, भोक म्हणून नाही. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं आणि टेबल कुठलं, तर बायकोचं शिलाईचं. स्टँड ठेवायला जागाच नाही.

स्टँडची मान काढून पाहिली तेव्हा कळलं की ती प्लास्टिकला नाही, आतल्या लोखंडी फ्रेमला आवळलेली आहे. म्हणजे जोर धरायची जागा तीच. पुठ्ठ्याचा नमुना कापला, मानेची भोकं त्यावर पेन्सिलने उमटवून घेतली. दुकानं उघडल्यावर फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी करून आणली, खाली मानेच्या भोकांत बसणारी, वर १०० मिमीची चार भोकं. तो म्हणे, "टीव्हीचं आहे का?" म्हटलं, मॉनिटर. "मग टीव्हीचंच की."

एक गोम राहिली. सगळं वजन खालच्या स्क्रूंवर, त्यामुळे स्क्रीन वरून पुढे झुकायची. मग पट्टी वरपर्यंत नेली आणि टोकाला दोन आकडे वळवून वरच्या कडेत अडकवले, आतून फेल्ट चिकटवून. अजून चालू आहे.

तुम्ही काय काय केलंत? कुठला आर्म घ्यावा ते नको, उद्योग सांगा.

मिरची_भजी:
आधी हे सांगा, शिलाई मशीन कुठे गेलं?

खटपट्या:
तिथेच आहे. वर एक्सेल, खाली फॉल-बिडिंग.

दूरदेशी:
इकडे जर्मनीत बिनभोकाच्या मॉनिटरसाठी तयार पंजा मिळतो, चार हात असतात, कडांना धरतात. भारतातही ऑनलाइन दिसतो. बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून मीटिंगमध्ये आपोआप मेन्यू उघडायला लागला, ब्राइटनेस खालीवर. भुताटकी! खालच्या कडेला बटणं होती, पंजाचं बोट बरोब्बर त्यांच्यावर. हात दोन इंच सरकवला तेव्हा भूत उतरलं.

अण्णा_लॅमिंग्टन:
भोकं असून नसल्यासारखी, हा आमचा प्रकार. पाठ फुगीर, भोकं खड्ड्यात, आर्मची प्लेट टेकतच नव्हती. सोबतचे १० मिमीचे स्क्रू पोचेनात. लांब स्क्रू सरसकट घालू नका, आत बोर्डला किंवा पॅनलच्या पाठीला टोचतो. आगपेटीची काडी भोकात घालून खोली मोजली, त्यात खड्डा आणि प्लेटची जाडी मिळवली. मग मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन तेवढे बोल्ट घेतले आणि पितळी नळी कापून खड्डा भरून काढायला चार स्पेसर केले. कानशीने एकसारखे घासायला स्पेसर कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण एक जरी कमीजास्त झाला तरी स्क्रीन तिरकी दिसते.

प्राजक्ता_म:
आम्हा पुणेकरांना बोहरी आळी. बोल्ट मिळतील हो, गाडी कुठे लावू?

अण्णा_लॅमिंग्टन:
गाडी नेताच कशाला तिथे!

सुलू_मावशी:
मला यातलं काही कळत नाही, पण मान माझीच दुखते. लेकाने आर्म लावून स्क्रीन डोळ्यासमोर आणून दिली, तर दुखणं वाढलं. चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचं दिसायचं ते खालच्या भागातून, म्हणून हनुवटी वर करून बघत बसायचे. चष्मेवाल्या मुलीने सांगितलं, काकू स्क्रीन खाली घ्या. घेतली. आता बरं आहे. बाकी भजी कोण करतंय?

मिरची_भजी:
मावशी, नाव फक्त, करता येत नाहीत.

निम_कोकणी:
आमच्या बंधुराजांनी पाठ उघडून ड्रिलच मारलं. आतून मोठे वॉशर, नट, सगळं नीट. पण ती पाठ नुसती खटक्यांवर बसलेली असते, वजन पेलायला नसतेच. आर्मवर टांगल्यावर पुढचा भाग पाठीपासून सुटायला लागला, फटीतून आतला उजेड दिसायचा. वर पॉवर सप्लाय आतच असलेला मॉनिटर! प्लग काढला तरी आतला कपॅसिटर विजेचा चार्ज धरून ठेवतो, शॉक बसू शकतो. वहिनींनी ड्रिल माळ्यावर टाकलंय.

खटपट्या:
वहिनींना नमस्कार सांगा.

बिट्टू२२:
माझा उलटा प्रॉब्लेम. स्टँड काढल्यावर मॉनिटर इतका हलका झाला की गॅस स्प्रिंगवाला (आतल्या गॅसच्या दाबाने वजन तोलणारा) आर्म त्याला उचलूनच न्यायचा. चहा घेऊन येईस्तोवर स्क्रीन छताकडे. अ‍ॅलन कीने ताण पार कमी केला तरी तेच. बॉक्सवर वाचलं तर किमान २ किलो लिहिलेलं, आमचं पॅनल त्याहून कमी. शेवटी आर्म आणि मॉनिटरच्या मध्ये जाड लोखंडी प्लेट घातली. लोक वजन कमी करतात, आम्ही वाढवलं.

सुलू_मावशी:
माझं घे थोडं.

दूरदेशी:
😂😂

ऋतुजा_क:
अ‍ॅपलवाल्यांनी इकडे बघूच नये. त्यांचा स्टुडिओ डिस्प्ले मॉनिटर घेतानाच स्टँड की आर्मची प्लेट ते ठरवावं लागतं, नंतर घरी बदलता येत नाही. २४ इंची आयमॅकचंही तेच, आर्मवाला वेगळा घ्यायचा. ऑफिसात एकाने स्टँडवाला मागवला आणि आर्म कपाटात पडून आहे. अ‍ॅडमिन रोज विचारतो.

मंगेश_भाड्याचा:
आर्म सोडा, टेबलाचं बोला. माझं भुश्शाच्या बोर्डचं, क्लॅम्प आवळला की आत रुततो.

निम_कोकणी:
वर-खाली लोखंडी पट्टी घाल, नाहीतर सुताराकडून १८ मिमी प्लायचा तुकडा आण. जोर पसरला पाहिजे. आणि मागच्या कडेला मधोमध लाव, कोपऱ्यात नको.

मंगेश_भाड्याचा:
दुसरं टेबल आहे, पण काचेचं.

अण्णा_लॅमिंग्टन:
काचेला क्लॅम्प अजिबात नको! भिंतीवरचा आर्म घे.

मंगेश_भाड्याचा:
घरमालक कॅलेंडरलाही खिळा मारू देत नाहीत.

प्राजक्ता_म:
मग मॉनिटरखाली इंजिनिअरिंगची पुस्तकं ठेव. नाहीतरी उघडली नव्हतीसच.