पणजीच्या माहेरची माणसं कशी शोधायची?

वाईची_नात: पणजी वाई तालुक्यातली, लग्न होऊन सांगलीकडं आली एवढंच माहितीये, लग्नात नाव बदललं त्यामुळं तिचं माहेरचं नाव कुणालाच आठवत नाही. तिच्या भावाबहिणींची पुढची पिढी शोधायचीये, आजीचा जीव त्यात अडकलाय. सुरुवात कुठून करू?

मोडीवाचक: आधी सासरच्या गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदी काढा, पणजोबांच्या मागं वारस नोंद झाली असेल तर विधवा म्हणून तिचं नाव सापडू शकतं. माहेरचं गाव कळलं की कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही बघा, तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. त्यात बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगी' एवढंच असतं, हे बघून खरंच वाईट वाटतं. जुनं बरंचसं मोडी लिपीत आहे, पानाचा फोटो टाका, मी वाचून देतो.

कृष्णाकाठ: ताई, तुमच्याकडं हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ सांगणारे लोक, येतात का? पिढ्यानपिढ्यांची वंशावळ असते त्यांच्याकडं. पण ती मुलग्यांच्या बाजूनं चालते, म्हणून पणजीच्या वडिलांचं घराणं विचारा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पण बघा, यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी असतात त्यात.

सातबारा_दादा: पणजीच्या बहिणींसाठी हक्कसोडपत्र शोधा! 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाप वारला असेल तर जमिनीला मुलींची नावं लागायची आणि मग बऱ्याच जणी भावासाठी हक्क सोडायच्या, त्यात त्यांचं सासरचं नाव आणि गाव दोन्ही मिळतं.

वाईची_नात: हे डोक्यातच नव्हतं आलं, खूप आभार दादा. सोमवारी तहसीलला जाते.