निको नाही, तरी मेडनच

'निको मॅकब्रेन नाही म्हणजे आयर्न मेडन संपलं' हे या ब्रिटिश हेवी मेटल बँडबद्दल ऐकू येणारं मत मला अर्धंच पटलं. निको म्हणजे १९८२पासून ड्रमवर बसलेला माणूस. २०२३ला स्ट्रोक येऊनही तो दौऱ्यावर गेला आणि २०२४च्या डिसेंबरात साओ पावलोत त्याने दौऱ्यांना रामराम ठोकला. अजून किती पिदडायचं त्याला? त्याच्या जागी आलेला सायमन डॉसन काही रस्त्यावरून उचलून आणलेला नाही, मेडनचा बासिस्ट स्टीव्ह हॅरिसच्याच दुसऱ्या बँडमध्ये, ब्रिटिश लायनमध्ये वाजवतो.

मला खटकतं ते वेगळंच. बँडच्या पन्नाशीच्या दौऱ्यात गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९८० ते १९९२. मग २०२१चा 'सेन्जुत्सू' कशाला केला बाबांनो? जुनं ऐकायला मलाही आवडतं, नाही असं नाही. नवी पेठेतून आणलेल्या कॅसेटी घासून घासून संपवल्यात आम्ही. पण चालत्या बँडने स्वतःचंच म्युझियम का व्हावं?

गायक ब्रूस डिकिन्सनविरुद्ध मात्र चकार शब्द काढणार नाही. १९५८चा जन्म, जिभेच्या नि घशाच्या कॅन्सरमधून उठलेला, तरी गातोय. २००८ला मुंबईत आले तेव्हा विमानही हाच चालवत होता! आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो होतो. परतल्यावर दोन दिवस आईच्या हाका ऐकू येत नव्हत्या (तिच्या मते त्यात नवीन काही नव्हतं).

भारतात पुन्हा आले तर तिकीट काढणारच. कुरकुर करत काढीन, एवढंच.