शब्दचर्चा : ‘पात्र’, ‘लायक’, ‘सरस’ आणि ‘हक्काचा’ पुरस्कार

प्रश्न

चित्रपटांच्या पुरस्कारांवरून वाद पेटला की एक जण म्हणतो, “त्या सिनेमाची लायकीच नव्हती.” दुसरा म्हणतो, “पात्र होता, पण समोरचा सरस होता.” तिसरा थेट “पुरस्कार लाटला” म्हणून मोकळा होतो. तिघं तावातावाने भांडतात, पण तिघांची तक्रार एकच आहे असं मला वाटत नाही. या शब्दांत नेमका फरक काय? ‘मिळाला’, ‘पटकावला’, ‘लाटला’ या क्रियापदांबद्दलही सांगा.

उत्तर

‘पात्र’पासून सुरुवात करतो, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. आजच्या मराठीत पात्र-अपात्र हे नियमांचे शब्द झाले आहेत. अर्ज अपात्र ठरतो, उमेदवार अपात्र ठरतो. त्यात कोणाच्या गुणांवर शेरा नसतो. ‘लायक’ हा शब्द मात्र गुणांबद्दलच बोलतो.

दोन्हींतला फरक लख्ख दिसतो तो १९७३ च्या ऑस्करमध्ये. ‘द गॉडफादर’च्या संगीतासाठी निनो रोटा यांना नामांकन मिळालं आणि नंतर ते काढून घेतलं गेलं. कारण, त्यातली गाजलेली प्रेमधून त्यांनी १९५८ च्या ‘फॉर्च्युनेला’ या इटालियन चित्रपटात आधीच वापरली होती. संगीत लायक नव्हतं असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही, पण ते अपात्र ठरलं. आणि त्याच वर्षी त्याच गटातलं पारितोषिक गेलं चॅप्लिन यांच्या ‘लाइमलाइट’ला. हा चित्रपट १९५२ चा! पण लॉस एंजेलिसमध्ये तो रीतसर लागला १९७२ मध्ये, म्हणून नियमाने पात्र. पुढे १९७५ च्या सोहळ्यात ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाला संगीताचं ऑस्कर मिळालं, रोटा आणि कार्माइन कोपोला यांना मिळून. या भागातही ती जुनी धून ऐकू येतेच. म्हणजे धून तीच, एकदा अपात्र आणि एकदा विजेत्या संगीताचा भाग. लायकी तसूभरही बदलली नव्हती.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं : चित्रपट आवडला नाही म्हणून त्याला ‘अपात्र’ म्हणू नका. ‘नालायक’ तर त्याहून नको. ती शिवी आहे, आणि चित्रपटामागे शेकडो माणसांचे कष्ट असतात.

आता ‘सरस’. हा तुलनेचा शब्द आहे, त्याला समोर दुसरं कोणीतरी लागतं. १९४२ मध्ये ‘सिटिझन केन’ला नऊ नामांकनं होती आणि हाती लागलं ते फक्त पटकथेचं ऑस्कर. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला जॉन फोर्ड यांचा ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’. आजही या निकालावर लोक हळहळतात. पण फोर्ड यांचा चित्रपट मनापासून केलेला, देखणा चित्रपट आहे. तो लायकच होता. ‘केन’ त्याच्याहून सरस होता, एवढंच म्हणणं रास्त आहे. पुरस्कारांवरच्या वादांपैकी बहुतेक वाद या जातीचे असतात, आणि आपण ते ‘लायकी’च्या भाषेत भांडून विनाकारण कडू करतो.

आणखी एक उत्तर

‘हक्काचा’ राहिला. हा शब्द चित्रपटापेक्षा माणसाला लागतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांना २००७ मध्ये ‘द डिपार्टेड’साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा कित्येकांची भावना ‘हक्काचं होतं, उशिरा का होईना मिळालं’ अशीच होती. त्यात तो एक चित्रपट थोडाच मोजला जातो? ‘टॅक्सी ड्रायव्हर’, ‘रेजिंग बुल’, ‘गुडफेलाज’ सगळं त्या हक्कात जमा असतं. हिचकॉक यांना दिग्दर्शनाची पाच नामांकनं मिळाली आणि ऑस्कर एकदाही नाही. १९६८ मध्ये एक मानाचा पुरस्कार देऊन अकादमीने, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेने, भरपाई केली. पण भरपाई झाली म्हणून हक्काचं मिळालं, असं मला तरी म्हणवत नाही.

क्रियापदांविषयी

खरा निवाडा मराठीत क्रियापदच करतं. ‘मिळाला’ तटस्थ. ‘पटकावला’त चुरस आणि कौतुक दोन्ही. ‘पदरात पडला’ म्हटलं की नशिबाचा वाटा आला. ‘नामांकनात वर्णी लागली’ यात कोणाच्या तरी कृपेचा वास येतो, तेव्हा ज्याचं कौतुक करायचं त्याच्यासाठी हा प्रयोग टाळावा.

‘हुकला’ आणि ‘डावलला’ यांत अंतर मोठं आहे. हुकण्याला कोणी जबाबदार नसतो. डावलायला हात लागतो, हेतू लागतो. ‘श्यामची आई’ने १९५४ मध्ये पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं, आणि त्यानंतर मराठी चित्रपट पुन्हा सर्वोत्कृष्ट ठरला तो थेट ‘श्वास’च्या वेळी, सुमारे पन्नास वर्षांनी. याला ‘मराठीला डावललं’ म्हणायचं असेल तर कोणत्या वर्षी, कोणत्या चित्रपटाला, कोणासमोर, हे सांगावं लागेल. नाहीतर ‘सन्मान हुकत राहिला’ म्हणावं.

‘लाटला’ हा आरोप आहे. आपला नसताना घेतला, असा त्याचा अर्थ. १९९९ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी ‘शेक्सपिअर इन लव्ह’ने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ला मागे टाकलं, तेव्हा ‘शेक्सपिअर’मागच्या मिरामॅक्स या कंपनीने केलेल्या जोरदार प्रचाराची खूप चर्चा झाली. प्रचाराने मतं ओढली असं खुशाल म्हणा. पण मतं देणारे अकादमीचे सदस्यच होते. ‘लाटला’ला त्याहून जास्त पुरावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ता

मग २००६ चं काय? ‘क्रॅश’ सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर मात्र ‘ब्रोकबॅक माउंटन’च्या अँग ली यांना. माझ्या मते ‘ब्रोकबॅक’ कितीतरी सरस. हे नुसतं ‘हुकलं’ म्हणून सोडून देणं मला जड जातं.

उत्तर

जड जावंच, मलाही जातं. पण तिथे कोणा एकाचा हात दाखवता येत नाही. हजारो सदस्यांची मतं मोजली की जे वर येतं, त्याला पुरस्काराच्या नावात ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणतात. खरं तर ते ‘बहुमान्य’ असतं. २०१० च्या सोहळ्यापासून तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटात पसंतीक्रमाने मतदान होतं. ज्याला पहिल्या पसंतीची मतं सगळ्यात कमी, तो बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे मूठभरांचा जीव की प्राण असलेला चित्रपट मागे पडू शकतो, आणि बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या जागी लिहिलेला पुढे येऊ शकतो. परीक्षक मंडळाचं गणित निराळं. तिथे मोजकी माणसं समोरासमोर बसून भांडतात, एखादा परीक्षक एका चित्रपटासाठी अडून बसतो.

‘पुरस्कार’ शब्दाचा मराठीतला जुना उपयोग इथे ध्यानात घ्यावा. आपण एखाद्या मताचा पुरस्कार करतो, त्याचे पुरस्कर्ते असतो. म्हणजे ते पुढे करतो, त्याची बाजू घेतो. ‘क्रॅश’ला ऑस्कर मिळालं म्हणजे अकादमीने त्या वर्षी त्या चित्रपटाचा पुरस्कार केला. तुम्ही ‘ब्रोकबॅक’चा करा, पण दोन प्रसंग दाखवून, अभिनयावर बोट ठेवून करा. त्यासाठी ‘क्रॅश’ला ‘लायकी नाही’ म्हणावं लागत नाही.