शब्दचर्चा: ‘कायमची परवानगी’ म्हणजे मागे घेता न येणारी परवानगी का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. एका शब्दावर पंधरा दिवस अडले आहे, मदत हवी.

आम्ही पाच जण दर रविवारी विश्रामबागेत जमून टेबलावरचे भूमिकाखेळ खेळतो. फासे, कागद, एक जण गोष्ट चालवणारा, बाकीचे पात्रं. दोन वर्षं खपून आम्ही स्वतःचा एक खेळ रचलाय. घाटमाथ्यावरचा गड, रात्रीचा पहारा. ४८ पानांची पुस्तिका आहे. इतरांनी आमचे नियम घेऊन आपापल्या गोष्टी लिहाव्यात, छापाव्यात, विकाव्यात, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून शेवटच्या पानावर मी लिहिलं: “या खेळाचे नियम वापरण्याची सर्वांना कायमची परवानगी आहे.”

प्रूफ वाचताना आमच्यातल्या एकाने ‘कायमची’वर बोट ठेवलं. म्हणाला, “ताई, याच शब्दावर २०२३ साली केवढं रामायण झालं, आठवतंय ना?”

आठवतंय तर! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ पासूनचा खेळ. तो छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने २००० साली ‘ओपन गेम लायसन्स’ काढलं, त्याला सगळे ओजीएल म्हणतात. त्याच्या आधारावर शेकडो लहान प्रकाशकांनी आपली पुस्तकं काढली, पायझो या प्रकाशकाचा ‘पाथफाइंडर’ हा खेळ त्यातूनच उभा राहिला. त्या मजकुरात ‘पर्पेच्युअल’, म्हणजे मुदत न संपणारा, हा शब्द होता. ‘इररिव्होकेबल’, म्हणजे मागे घेता न येणारा, हा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी होती, आणि जुना परवाना यापुढे ‘ऑथराइझ्ड’ नाही असं एक वाक्य होतं. त्या एका वाक्याने वीस-बावीस वर्षं या धंद्यावर जगणाऱ्या माणसांची झोप उडाली.

तर प्रश्न असा: या तीन शब्दांना मराठीत काय म्हणायचं? आणि आपलं ‘कायम’ यातलं नेमकं काय सांगतं?

शाहूनगर (सातारा)

ताई, आधी ‘परवानगी’ बघू. मी दिवाणी वकिलांकडे लिखापढीचं काम करतो, त्यामुळे हे शब्द रोज हाताखालून जातात. आपल्याकडे तीन आहेत: परवानगी, परवाना, अनुज्ञप्ती. परिवहन कार्यालयात फरक स्पष्ट दिसतो. गाडी चालवायची ती ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’, रिक्षा धंद्याला लावायची तो ‘परवाना’. पण बोलताना लोक दोन्हीला लायसनच म्हणतात. तुमच्या पुस्तिकेत ‘अनुज्ञप्ती’ घालू नका, वाचणारा तिथेच पान मिटेल. ‘परवानगी’ ठीक आहे. फक्त ती लेखी हवी, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३० तेच मागतं.

आता मागे घेण्याचं. जमिनीच्या बाबतीत १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे. त्याच्या कलम ६० चा मतितार्थ असा: परवानगी देणारा ती परत घेऊ शकतो, पण त्या परवानगीवर विसंबून समोरच्याने पदरचा खर्च करून पक्कं बांधकाम केलं असेल तर नाही. हा कायदा पुस्तकांना लागू नाही. पण त्यामागचा न्याय मला फार पटतो. तुमच्या शब्दावर कुणी पुस्तक छापून बसला, कर्ज काढून बसला, तर तेही पक्कं बांधकामच की!

तासगावचा मास्तर

‘कायम’वर मी बोलतो, कारण हा शब्द आम्हा शिक्षकांच्या अंगावरून गेलाय. ‘कायम विनाअनुदानित’ शाळा आठवा. त्यातला ‘कायम’ शासनानेच घातला आणि २००९ साली शासनानेच काढला. काढला ते बरंच झालं, आम्ही त्यासाठी रस्त्यावर उतरलो होतो. पण शब्दाचा स्वभाव त्यातून कळतो. ‘कायम’ मुदत सांगतो, शेवटची तारीख ठरलेली नाही एवढंच. काढायचा अधिकार कुणाला, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

शाहूनगर (सातारा)

मास्तर, अगदी बरोबर. जुन्या सनदांत ‘वंशपरंपरेने’ लिहिलेलं असायचं. तरी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि कितीतरी इनामं खालसा झाली. मुदत अखंड होती. सनद तपासणारा मात्र दुसराच निघाला.

कृष्णाकाठ (सांगली)

म्हणजे ‘पर्पेच्युअल’ला ‘कायमची’ चालेल, पण ‘इररिव्होकेबल’चं काम त्याच्याकडून होणार नाही. ओजीएलची गोची तीच होती. संपुष्टात येण्याचं कलम होतं, पण ते अटी मोडणाऱ्यासाठी, आणि त्यालाही चूक सुधारायला ३० दिवस. अटी पाळणाऱ्याकडून परवाना काढून घेता येईल की नाही, यावर मजकूर गप्प. लोक विसंबले ते कंपनीच्याच जुन्या खुलाशावर: आम्ही पुढे परवाना बदलला तरी तुम्ही आधीची आवृत्ती वापरू शकता.

‘इररिव्होकेबल’साठी मला ‘अप्रतिसंहरणीय’ सापडला. उच्चारताना दम लागतो. काही जण ‘अपरिवर्तनीय’ लिहितात, पण त्याचा अर्थ बदलता न येणारा. ते वेगळं.

कराडची वाचक

साधं ‘मागे घेता न येणारी’ लिहा. कुलमुखत्यारपत्राला आपण ‘रद्द न होणारं’ म्हणतोच ना. पण काय मागे घेता येत नाही, तेही लिहा. १९ जानेवारी २०२३ ला आलेल्या पुढच्या मसुद्यात ‘इररिव्होकेबल’ शब्द आला होता. सोबत खुलासा असा, की या परवान्याखाली दिलेला मजकूर परवान्यातून काढला जाणार नाही. मजकुराची हमी मिळाली, पण जुना परवाना मोडीत काढायचा बेत तसाच होता. लोकांनी ते लगेच पकडलं.

वाईकर

माझ्या मते खरी मेख ‘ऑथराइझ्ड’मध्ये आहे. ओजीएलच्या नवव्या कलमात होतं, की परवान्याची कोणतीही ‘ऑथराइझ्ड’ आवृत्ती वापरा. इंग्रजीत त्या एका शब्दात दोन अर्थ मावतात. मराठीत लिहायला बसलं की निवड करावीच लागते. ‘अधिकृत आवृत्ती’ म्हटलं, तर आज अधिकृत असलेली, आणि आजचं उद्या बदलू शकतं. ‘अधिकृत केलेली आवृत्ती’ म्हटलं, तर एकदा घडून गेलेली क्रिया. केलेलं न केलेलं होत नाही. कंपनीने पहिला अर्थ धरला, प्रकाशकांनी दुसरा. हा मजकूर मुळात मराठीत लिहिला गेला असता तर लिहिणाऱ्याला तिथेच थांबून विचारावं लागलं असतं: “साहेब, यातलं कोणतं?”

कृष्णाकाठ (सांगली)

वाईकर, हे वाचून मी उठून उभी राहिले. याच्यासाठीच इथे आले होते.

शेवट काय झाला तेही सांगते. पायझोने १२ जानेवारीला दुसऱ्या खुल्या परवान्याची घोषणा केली. विझर्ड्सने नव्या मसुद्यावर घेतलेल्या पाहणीत पंधरा हजारांवर लोकांनी मत दिलं, बहुतेकांनी नकार. २७ जानेवारीला विझर्ड्सने जुना परवाना तसाच ठेवला आणि खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या कुणालाही वापरता येणाऱ्या तयार खुल्या परवान्याखाली मोकळा केला. त्या परवान्यात ‘इररिव्होकेबल’ शब्द छापलेला आहे.

आमचंही एक दुखणं आहे. मागच्या खेळाचा नकाशा एका मित्राने काढून दिला होता. विचारलं तर म्हणाला, “वापर की, त्यात काय विचारायचं!” शंभर प्रती छापल्यावर म्हणाला, आता नको. त्या प्रतींतलं नकाशाचं पान आम्ही एकेक करून ब्लेडने कापलं. शिवण उसवू नये म्हणून मी प्रत्येक पुस्तिका गुडघ्यावर धरून बसले होते. त्याच्यावर राग नाही. ‘वापर की’ किती दिवसांसाठी आणि कुणाच्या मर्जीवर, हे आम्ही कुणीच बोललो नव्हतो.

आता ४८ व्या पानावर असं लिहिलंय, नजरेखालून घाला:

“या पुस्तिकेतले नियम वापरायची, बदलायची, छापायची आणि विकायची परवानगी आम्ही सर्वांना दिली आहे. ती कायमची आहे. ती आम्हाला मागे घेता येणार नाही. पुढे आम्ही नवी परवानगी काढली तरी ही जशीच्या तशी चालू राहील. चित्रं आणि नकाशे यात नाहीत.”

‘देत आहोत’ काढून ‘दिली आहे’ केलं, ते वाईकरांमुळे.

तासगावचा मास्तर

‘आम्हाला’च्या पुढे ‘किंवा आमच्या वारसांना’ घाला. लेखकाच्या मागे साठ वर्षं हक्क राहतो.

कृष्णाकाठ (सांगली)

घातलं, मास्तर. प्रूफ उद्या सकाळी प्रेसमध्ये देते.