सदाफुली, हळद आणि चालू केमो

पाटील काका (ए-१०२): फॉरवर्ड आलाय. रोज सदाफुलीची ५ पानं, वर चमचाभर हळद, फुप्फुसाचा कॅन्सर मुळासकट जातो म्हणायलेत. शिंदे वहिनींच्या भावाची केमो चालू आहे, सांगावं का?

जोशी सर (बी-३०४): नका सांगू काका. त्यात पाव हिस्सा खरं आहे, तोच घात करतो. व्हिनोरेलबीन हे केमोचं इंजेक्शन सदाफुलीतल्या द्रव्यांवर प्रक्रिया करूनच बनतं. पण पानात शंभरावर अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली तीव्र द्रव्यं, त्यातली कामाची अगदी नावाला. त्यातल्याच व्हिन्ब्लास्टिन या केमोच्या औषधाच्या १ ग्रॅमला शेकडो किलो वाळकी पानं लागतात.

पाटील काका: एवढं कमी असंल तर ५ पानांनी काय बिघडायलंय?

मुळे ताई, फार्मसी (सी-१०१): ५ पानांवर थांबतंय कोण? मूठभर पानांचा काढा सुरू होतो. अशा काढ्यानं पांढऱ्या पेशी कोसळल्याच्या नोंदी आहेत, शुगरही उतरते. व्हिनोरेलबीनच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, बघतात; न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) १००० च्या खाली असले तर त्या दिवशी डोस देतच नाहीत. काढ्यानं पेशी पडल्या की केमो लांबते, अन् डॉक्टरला कारण कळत नाही.

जोशी सर: सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचंही तेच. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं काढणाऱ्यांत आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी होते बरं का! जसंच्या तसं पेशंटला दिलं तर लघवीतून रक्त जायला लागलं. पुढं रेणूत बदल करून टोपोटेकॅन हे औषध झालं, फुप्फुसाचा स्मॉल सेल प्रकारचा कॅन्सर परत आला की ते देतात.

देशमुख वहिनी (ए-२०१): हळद तरी चालंल ना? वसमतची आहे, घरची.

मुळे ताई: भाजी-वरणात बिनधास्त. औषध म्हणून हिशेब बघा: चमचाभर हळद ३ ग्रॅम, त्यात करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, जेमतेम १०० मिलिग्रॅम. चाचण्यांत रोज ८ ग्रॅम करक्युमिन दिलं, म्हणजे जवळजवळ पाव किलो हळद, तरी रक्तात नावालाच सापडलं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपेरीन घालतात, अन् खरी गोम तिथंच आहे. लिव्हरचं जे एन्झाइम जेफिटिनिबसारख्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गोळ्या मोडतं, त्यालाच ते अडवू शकतं. गोळी रक्तात साचली की जुलाब आणि पुरळ वाढतं.

पाटील काका: मग वहिनींना सांगू काय?

मुळे ताई: घरात चालू असलेली प्रत्येक पुडी, काढा, कॅप्सूल, सगळ्यांच्या लेबलचे फोटो काढून पुढच्या ओपीडीत ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला, दाखवा म्हणावं. अन् पपनस आवडत असंल तर तेही विचारूनच, तेही त्याच एन्झाइमला अडवू शकतं.